बिडाचा ब्लॉक आणि दोनशे गुलाबी पत्रकं

दादाच्या गाडीचा इंजिन-ब्लॉक जयंतीच्या दिवशी भर दुपारी तडकला आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यावरचं माझं पत्रक छापून तयार होतं. दोनशे प्रती, गुलाबी कागद, मथळ्याला तीन उद्गारचिन्हं: 'ब्लॉक का तडकला? जनतेला उत्तर हवं!!!' खरं म्हणजे जनतेनं काहीच विचारलं नव्हतं. पेडगावच्या जनतेला त्या आठवड्यात दोनच प्रश्न पडले होते, लाईट कधी येणार आणि नळाला पाणी कधी सुटणार. पण प्रश्न पडायची वाट बघत बसणं आमच्या घरात बसत नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि शाळा सुटली की पत्रकवाले. छप्पन साली आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांच्या हातात जे पत्रक पडलं होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घेताना आपल्याला लाज वाटली, असं ते सांगत. त्या लाजेपायी बाबा शिकले आणि बाबांच्या पायी मी. मला 'अ अननसाचा' समजायच्या आधी 'अ अन्यायाचा' समजला. आमच्या डाळीच्या डब्यांखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं, दाराच्या फटीत हवा येऊ नये म्हणून पत्रकं. 'निषेध' हा शब्द मी स्वतःच्या आडनावाआधी बिनचूक लिहायला शिकले.

बाबांचे नियम मात्र फार कडक होते. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजेच. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याला आधी समोर जाऊन विचारायचं. आणि चूक छापली गेली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं. तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तेवढ्याच प्रती, आणि ज्या हातानं पहिलं वाटलं त्याच हातानं, त्याच माणसांना. बाबांनी स्वतः हे केलं होतं. हातपंपाचा वायसर ग्रामसेवकानं पळवला असं त्यांनी छापलं, आणि आठवड्यानं तो वायसर दुसरीतल्या पोरांच्या खेळण्यातल्या गाडीला चाक म्हणून सापडला. बाबा दीडशे दारं फिरले. गावात त्यांना अजून 'वायसर मास्तर' म्हणतात आणि ते अजून 'ओ' देतात.

हे तीन नियम मला पाठ होते. त्यातला मधला मी मोडला. ती गोष्ट सांगते.

दादा पूर्णेला रेल्वेत आहे. नोकरी पक्की झाल्यावर त्यानं गाडी घेतली. पांढरी, डिझेलची, दुसऱ्या हाताची, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय, हे त्यानं मला अंगणात बसून समजावलं. इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो, तो वाटेत एक छोटी चक्री फिरवतो. त्या चक्रीच्या दांड्याला पलीकडच्या टोकाला दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा ओढते आणि इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त जोर.

"म्हंजे," मी म्हणाले, "ज्याला भायेर फेकलं, त्यानंच आतल्याला पळवायचं?"

"हां."

"आन् फेकून दिलेलं हाय म्हनून आतल्याला पत्ताच न्हाई?"

"तू आता ह्याच्यावर लिवू नको," दादा म्हणाला.

मी लिहायला घेतलंच होतं. 'धुराचा हक्क' असा मथळाही ठरला होता. बाबांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "धुराची सही आणशील का खाली?" तिथं ते राहिलं.

मग दादाच्या मित्राच्या ओळखीतला एक ट्यूनिंगवाला नांदेडहून आला. डोळ्यावर काळा चष्मा, पाठीवर लॅपटॉप. स्टिअरिंगखाली कुठंतरी त्यानं वायर खोचली आणि अर्धा तास बटणं दाबली. टर्बोनं हवा किती कोंबायची, डिझेल किती सोडायचं, ते सगळं म्हणे आतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं. त्यानं तिथले आकडे बदलले. दोन चहा प्यायला आणि बोनेटवर थाप मारून म्हणाला, "कंपनी भित्री असती. इंजन झोपेत होतं, म्या जागं केलंय."

जागं झालं होतं हे खरं. पाथरी रोडला दादानं पाय दाबला आणि माझं डोकं मागं सीटला जाऊन चिकटलं. कपाशीची शेतं, बाभळी, मैलाचे दगड, सगळं एक लांब हिरवी-पिवळी रेघ झालं. शीळ घातल्यासारखा टर्बोचा आवाज यायचा. मी ओरडत होते, दादा ओरडत होता, मागं बसलेली आई ओरडत होती. फक्त तिचा विषय वेगळा होता. मी आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते. ज्या रस्त्यानं आमच्या आजोबांनी चपला हातात घेऊन चालावं अशी लोकांची अपेक्षा होती, त्या रस्त्यानं त्यांची नात शंभरच्या पुढं काटा नेऊन खिदळत चालली होती. याच्यापेक्षा मोठी घोषणा मला तरी सुचत नव्हती.

आनंदात विरजण घालणारा एकच माणूस होता, मिस्त्री चाचा. पाथरी रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्या वाटेवरच्या सगळ्या वडापच्या जीपा त्यांच्याकडंच. तिथला एक रिवाज होता. सकाळी पहिली फेरी मारायच्या आधी जीपवाले गॅरेजवर येणार, गाड्यांची नाकं आत करून ओळीनं उभ्या करणार, आणि चाचा एका हातात चहाची केटली घेऊन एकेका बोनेटात डोकावणार. पट्टा ढिला आहे का, तेल आहे का, पाणी आहे का. केटली रिकामी झाली की जीपा निघणार. सकाळी आठ-दहा जीपा तिथं दिसल्या नाहीत तर समजायचं, आज रस्ता बंद आहे.

जयंतीच्या दोन-अडीच महिने आधी दादाच्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली पट्टी जळाली. चाचांनी ती बदलली आणि दादाला समोर उभं करून सुनावलं.

"चार सिलिंडर शेजारी शेजारी ऱ्हातेत, बेटा. मधली भिंत माझ्या करंगळीएवढी बी जाड न्हाई. कंपनीनं जेवढा दाब ठरवला तेवढा ती झेलती. तुमी लॅपटॉप लावून दाब वाढवला. भिंत वाढवली का? लॅपटॉपनं भिंत जाड होत न्हाई."

"चाचा, पन पळायली मस्त."

"पळंल की. ताप आलेलं मानूस बी बडबड लय करतंय." मग बोट रोखून, "आन् बोरचं पाणी टाकू नको ह्याच्यात. कूलंट टाक. बोरच्या पाण्यानं आत थर बसतोय, तुमच्या मायच्या पातेल्यात बसतो तसा. थर बसला की भिंतीची गर्मी पाण्यात उतरत न्हाई, तिथंच ऱ्हाती. आन् जमलं तर त्या पोराला बोलव, आकडे जुने कर म्हनावं."

दादानं मान हलवली. कूलंट आणायचं राहून गेलं. बोर अंगणातच होता.

जयंतीच्या मिरवणुकीत दादाची गाडी सगळ्यात पुढं. निळे झेंडे लावलेले, काचा बंद, एसी पूर्ण सोडलेला, आणि आत गल्लीतल्या चार म्हाताऱ्या, ज्यांना चालवत नाही. बाहेर डांबर मऊ झालेलं. गाडी माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, तीन तास. आतून एक म्हातारी काच खाली करून मला म्हणाली, "पोरी, ह्यात तर थंडी वाजायली गं, घरून गोधडी आन."

तीन वाजता कळलं, की भाषणाला बोलावलेले पाहुणे परभणी स्टेशनवर येऊन बसलेत आणि त्यांना आणायला कुणी गेलेलंच नाही. सगळ्यांनी दादाकडं बघितलं. दादानं म्हाताऱ्यांना उतरवलं. तिघी उतरल्या. गोधडीवाली उतरेना.

"म्या न्हाई उतरत. कुठं न्यायचं तिथं ने."

तिला घेऊनच तो गेला. किती वेळात परत आला ते सांगत नाही, पोलिसांनी वाचलं तर पंचाईत. पाहुणे उतरले ते दाराला धरून. म्हातारी उतरली ती गाणं म्हणत. "इमानात बसल्यावानी वाटलं," ती म्हणाली, "माज्या लग्नात पायजे व्हतं हे."

आणि त्याच वेळी बोनेटखालून वाफ यायला लागली.

गाडी थांबली होती नेमकी माझ्या पाणपोईसमोर. पाणपोई दरवर्षी माझ्याकडं असते. दोन रांजण, थंड पाण्याचे जार, बर्फाची लादी, आणि वर मी स्वतः रंगवलेली पाटी: 'पाणी सर्वांचं. इथं कुणालाही नाही म्हटलं जात नाही.' त्या पाटीसाठी मी दोन दिवस खपले होते. आमच्या लोकांनी पाण्यासाठी काय काय सोसलं ते मला पत्रकांतूनच पाठ. त्यामुळं पाणी मागणाऱ्याला पाणी द्यायचं, यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

दादानं ओला टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि मागं उडी मारली. वाफेचा फवारा उडाला. वाफ ओसरल्यावर आत बघितलं तर कोरडं.

"पाणी!" दादा ओरडला.

मी पाटीखालीच उभी होते. सगळ्यात गार जार उचलला, ज्यात बर्फाचे तुकडे सळसळत होते, आणि त्या तहानलेल्या बिचाऱ्या इंजिनाला मनापासून पाजला.

टक्.

एवढाच आवाज. ओट्यावर बांगडी फुटावी तसा. गोधडीवाली म्हणाली, "काय फुटलं गं?" आणि ढोल परत सुरू झाले.

गाडी सुरू केली तर मागून पांढरी वाफ. तेलाची कांडी बाहेर ओढून बघितली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. पाणी तेलात शिरलं होतं. ट्रॅक्टरला बांधून गाडी चाचांकडं गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडलं. दोन नंबर आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या भिंतीला भेग. दादानं मोबाईलवर फोटो काढून आणला. भेग एका भोकाजवळ जाऊन संपत होती.

दादानं ट्यूनिंगवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो अजिबात गडबडला नाही.

"माझ्याकडं काय बोलायलाव? हेड कोनं बसवलं दोन महिन्याखाली? त्या मिस्त्रीला इचारा. बोल्टच्या भोकात पाणी राह्यलं आसंल. भोकाला खाली वाट नसती. वरून बोल्ट आवळला की पाण्याला जायला जागा न्हाई, मंग ते भिंत फोडतंय. ह्यो शाळेतला नियम हाय."

मी नेटवर शोधलं. खरंच असं होतं! बोल्टच्या भोकात पाणी किंवा तेल राहून ब्लॉक फुटतात, जगभर फुटतात. फोटो मोठा करून बघितला. भेग, भोक. झालं. मला आरोपी दिसला.

बाबा तेव्हा आत्याकडं पाथरीला लग्नाच्या बैठकीत होते. ते असते तर एकच प्रश्न विचारला असता. ते नव्हते, आणि मला फार घाई होती. शिवाय मी पक्षपाती नाही हेही दाखवायचं होतं. चाचांच्या मांडीवर मी लहानपणी बसले होते, त्यांच्या गॅरेजातल्या बेअरिंगच्या गोळ्या गोट्या म्हणून खेळले होते. ओळखीच्या माणसावर लिहायची धमक पाहिजे, असं मी मलाच सांगितलं आणि मलाच टाळ्या वाजवल्या. लिहिलं: 'निष्काळजी हातांनी एका कष्टकरी कुटुंबाची गाडी फोडली. बोल्टच्या भोकात पाणी सोडणारे हात उद्या तुमच्या जीपवर चालतील. प्रवाशांनो, जागे व्हा!' चाचांचं नाव घातलं नाही, पण 'पाथरी रोडवरील पत्र्याचे गॅरेज' असं लिहिलं. त्या रोडला पत्र्याचं गॅरेज एकच आहे.

दोनशे पत्रकं मी एका दिवसात संपवली. पेडगावात दारोदार, पाथरीच्या जीप स्टँडवर, पूर्णेच्या फलाटावर. पाय दुखत नव्हते. पत्रक वाटताना मला कधीच पाय दुखत नाहीत. माणूस कागद घेतो, पहिली ओळ वाचतो, त्याच्या भुवया वर जातात, आणि आपण दुसऱ्याकडं वळतो. त्या भुवयांची नशा असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं परभणीला जाताना खिडकीतून गॅरेज दिसलं. बाहेर एकच जीप उभी होती, आणि ती पण स्टार्टर बिघडलाय म्हणून जाऊ शकत नव्हती. मला वाटलं, बघा, छापील शब्दाची ताकद! खोटं कशाला सांगू, मी एसटीत बसून हसले.

तिसऱ्या दिवशी पण जीपा नव्हत्या. संध्याकाळी बाबा पाथरीहून आले, पत्रक खिशात घेऊनच. तिथल्या स्टँडवर त्यांना कुणीतरी दिलं होतं. त्यांनी ते आईच्या पुढं धरलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं ते पत्रक पिठाच्या हातानं धरलं आणि शेवटपर्यंत वाचलं. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारी आई एकटीच.

"समदं लिवलंस," ती म्हणाली. "मिरवणूक लिवली, भोक लिवलं. पाणी कोनं वतलं ते न्हाई लिवलं."

"त्याचा काय संबंध? गाडी तापली होती, पाणी घातलं."

"कसलं पाणी?"

"गार."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "ब्लॉक कशाचा असतोय गं?"

"बिडाचा," दादा आतून म्हणाला.

आईनं नुसतं अंगणाकडं बघितलं. तिथं कोंबड्यांना पाणी ठेवायला बिडाच्या तव्याचा अर्धा तुकडा आहे. मी दहा वर्षांची असताना भाकऱ्या झाल्यावर तवा लवकर गार व्हावा म्हणून रांजणातलं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं होतं. टक्. तोच आवाज. तेरा वर्षं कोंबड्या त्यात पाणी पितात आणि मी तो आवाज विसरले होते.

बाबांनी तेव्हा तोंड उघडलं. "त्याला विचारलंस का?"

मी तव्यावरची भाकरी उलटायला घेतली.

"मग तू पत्रक न्हाई काढलं," बाबा म्हणाले. "भिंतीवर शिवी लिवली."

सकाळी मी गॅरेजवर गेले. जीप एकही नव्हती. चाचा बाकावर बसले होते आणि शेजारी केटली होती, झाकणातून वाफ येत असलेली, काठोकाठ. दहा माणसांचा चहा त्यांनी सवयीनं केला होता. सलग तिसऱ्या दिवशी.

"ये," ते म्हणाले. "पी. लय हाय."

मी ग्लास घेतला. शिव्यांची तयारी करून गेले होते, त्यांची उत्तरंही तयार होती. ती चहाबरोबर गिळली.

"चाचा, मला भेग बघायचीय."

"लिवून झाल्यावर बघायची व्हय?" त्यांनी उठून फडका बाजूला केला. ब्लॉक टेबलावर होता. पहिल्यांदाच मी तो डोळ्यांनी बघत होते. चाचांनी हेडचा एक लांब बोल्ट माझ्या हातात दिला. "तुझ्या फोटोतलं भोक कंचं? त्याच्यात ह्यो बशिव."

मी भेगेच्या टोकाचं भोक शोधलं, बोल्ट घातला आणि फिरवला. फिरवला. आणखी फिरवला. बोल्ट घसरून मोकळाच आत गेला, विहिरीत काठी पडावी तसा.

"आटे लागले का?"

"न्हाई."

"कामून न्हाई?"

"कारण... हे बोल्टचं भोक न्हाई."

"पाण्याची वाट हाय ती. ब्लॉकात पाणी फिरायला भोकं ठिवलेली असतेत. बोल्टचं हे बघ, दोन बोटं लांब. त्याला आटे हायत, आन् केसाएवढी भेग न्हाई तिथं. म्या बोल्ट बसवायच्या आधी हवा मारून भोकं सुकवतो, तीस वर्सं." मग डोळे बारीक करून, "दोनशे लोकांत एकानं बी तुला इचारलं न्हाई, की आटे हायत का?"

मी इतकी ओशाळले की हसायलाच आलं. आधी मला, मग चाचांना. आम्ही दोघं त्या मोडक्या ब्लॉकवर वाकून हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

मग त्यांनी बॅटरी लावून भेग दाखवली. अर्धी भेग तपकिरी, गंजाच्या रंगाची. अर्धी चकचकीत, नुकत्या फोडलेल्या खड्यासारखी.

"हे तपकिरी जुनं," चाचा म्हणाले. "दाब वाढवला तवापासून भिंत रोज थोडी थोडी वाकायली व्हती. बोरच्या पाण्याचा थर, त्यानं गर्मी अडकली. तिथं पयली भेग पडली. गास्केट बदललं तवा ती आसणारच, पन केसाएवढी. मला दिसली न्हाई. हे लिव, माझी चूक हाय. आन् हे चमकतंय ते जयंतीचं. तापून लाल झालेल्या बिडावर बर्फाचं पाणी. आतला भाग फुगलेला, पाणी लागलं तेवढा भाग एकदम आकसला. बीड वाकत न्हाई, बेटा. तडकतंय."

मी विचारलं, "म्हणजे कुणाचा दोष?"

"तुला एकच पायजे व्हय?" ते म्हणाले. "एका पत्रकात एकच मावतोय का?"

त्या दुपारी तिथंच बाकावर बसून मी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं आणि छापायच्या आधी चाचांना वाचून दाखवलं. मथळा: 'ब्लॉक का तडकला? उत्तर सापडलं: पाणी मी ओतलं!!!' खाली सगळं, वाढवलेला दाब, बोरचं पाणी, दादाचं न आणलेलं कूलंट, न दिसलेली केसाएवढी भेग, बर्फाचा जार, आणि पाण्याच्या वाटेला बोल्टचं भोक समजणारी मी. चाचांनी ऐकलं आणि म्हणाले, "लय लांबडं झालंय. जीपवाला एवढं वाचत न्हाई. शेवटी मोठ्या अक्षरात लिव: इंजन तापलं तर पाणी वतू नका. थांबा. चहा प्या."

ते लिहिलं. दोनशे प्रती, गुलाबीच कागद.

आता त्याच हातानं, त्याच माणसांना. पेडगाव सोपं होतं. गोधडीवालीनं कागद हातात घेतला, वाचता येत नसल्यानं मला वाचायला लावला, आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे इमान तू पाडलंस?" त्या दिवसापासून गावात बाबांना 'वायसर मास्तर' आणि मला 'बर्फवाली'.

पूर्णेला पंचाईत झाली. फलाटावरच्या भजेवाल्याला मी पहिल्या वेळी बारा प्रती दिल्या होत्या, वाटा म्हणून.

"त्या मी भज्याला वापरल्या ताई," तो म्हणाला.

"कुणाला दिल्या?"

"आता गाडीतल्या मानसांला कुठं हुडकायलीस? कोन नांदेडला गेलं, कोन अकोल्याला. ह्या बी ठिव हितं, भज्याला वापरतो."

"तुम्ही न्हाई. मी वापरणार."

मग पुढची गाडी येईपर्यंत मी त्याच्या गाड्यावर उभी राहिले आणि बारा गिऱ्हाइकांची भजी माझ्या हातानं दुरुस्तीच्या पत्रकात बांधली. शाई तेलात उतरू नये म्हणून छापील बाजू बाहेर. एका माणसानं पुडी उलटीपालटी करून वाचली. "पाणी तुमी वतलं व्हय?" त्यानं विचारलं. "हो," मी म्हणाले. "मिरची जास्त टाका मंग," तो म्हणाला. भजेवाला इतका हसला की झाऱ्यातलं एक भजं कढईत परत पडलं.

शेवटी पाथरीचा जीप स्टँड. तिथं नुसतं वाटून चालणार नव्हतं. जीपच्या फूटबोर्डवर चढून मी सगळं मोठ्यानं वाचलं. मग एक बुटका, मिशीवाला जीपवाला म्हणाला, "म्हंजे आमी चार दिवस गाडी दुसरीकडं दाखवली ते बर्फासाठी?"

"माझ्यामुळं," मी म्हणाले. "चाचांनी चारी दिवस दहा जणांचा चहा केला होता."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मिशीवाल्यानं कागद चौपदरी घडी करून खिशात घातला. "चहा वाया गेला म्हन की," तो म्हणाला, तोंड वाकडं करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गॅरेजवर गेले. दादाचं म्हणणं होतं, कशाला, झालं की आता. पण मला माहीत व्हायला पाहिजे होतं. लांबूनच दिसलं. नऊ जीपा, नाकं आत करून. चाचा केटली घेऊन एका बोनेटातून दुसऱ्या बोनेटात, आणि मला बघून त्यांनी मान सुद्धा वर केली नाही. मला ते फार बरं वाटलं.

एवढ्यात दहावी जीप धापा टाकत आली. समोरच्या जाळीतून वाफ. मिशीवालाच होता. खाली उडी मारून त्यानं बाजूचा पाण्याचा कॅन उचलला आणि बोनेटाकडं धावला. नऊही जीपवाले एका सुरात ओरडले, "थांबाऽऽ! चहा प्याऽऽ!"

तो जागच्या जागी थबकला. कॅन हातात, वाफ समोर, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. चाचांनी ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला.

"दे त्याला," ते म्हणाले. "तुझंच गिऱ्हाईक हाय. आन् तो कॅन काढून घे आधी त्याच्या हातातला."